डॉक्टर येईपर्यंत, म्हणजे सोमवारपर्यंत

प्रथमोपचाराची सगळी पुस्तकं एका भरवशावर लिहिलेली असतात, की डॉक्टर निघाले आहेत. जखम दाबून धरा, डॉक्टर येताहेत. पाय हलवू नका, डॉक्टर येताहेत. रुग्णाला धीर द्या, डॉक्टर येताहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ फिरवलं की रुग्णवाहिका निघते, आणि ती वाटेत सिग्नलला अडकलीच तर नेमकी कोणत्या सिग्नलला हे सांगणारा एक तरी शेजारी भेटतो. मदतीला माणसांचाही तुटवडा नाही. रस्त्यात कुणी चक्कर येऊन पडलं, की एक जण कांदा आणायला पळतो, दुसरा चप्पल हुंगवा म्हणतो आणि तिसरा ‘अहो, जरा हवा येऊ द्या’ असं ओरडत बरोबर वाऱ्याच्या तोंडावर उभा राहतो.

शिडाच्या बोटीवर हवा भरपूर येते. बाकी यातलं काही नसतं.

२१ सप्टेंबर २०१८ हा शुक्रवार होता. त्या दिवशी भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून साधारण १९०० सागरी मैलांवर एकटे होते. गोल्डन ग्लोब नावाची एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत चालू होती. त्यांची ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली. वादळाने ती उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला असा मार बसला की उठता येईना. भारतीय नौदलाचं विमान वरून पाहून गेलं, जहाजं निघाली, पण सगळ्यात आधी पोचली ती मासेमारीवर देखरेख ठेवणारी फ्रान्सची ‘ओसिरिस’. वार सोमवार, तारीख २४.

शुक्रवार ते सोमवार या मधल्या जागेत काय करायचं, ते शिकवायला बोटीवरच्या प्रथमोपचाराचे वर्ग असतात.

या वर्गांना दोन जातीचे विद्यार्थी येतात. एक, पोटापाण्यासाठी आलेले. रत्नागिरी-वसईकडची पोरं मर्चंट नेव्हीत जायचं म्हणून मुंबईला ‘बेसिक’ करायला येतात. १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्या बेसिकमध्ये प्रथमोपचार सक्तीचा असतो. ही पोरं निमूट ऐकतात, कारण सर्टिफिकेट नाही तर जहाज नाही. दुसरी जात हौशांची. यांनी शिडाची बोट घेतलेली असते किंवा घेणाऱ्याशी मैत्री केलेली असते. वर्गाला ते नवी कोरी डेकवर घालायची बुटं घालून येतात आणि पहिल्याच तासाला शार्क चावला तर काय करायचं, असं विचारतात. शिकवणारा त्यांना भाजण्याचा धडा काढून देतो. बोटीवर माणूस शार्कच्या नव्हे, चहाच्या तडाख्यात सापडतो. शेगडी बोट कितीही डुलली तरी सपाट राहील अशी टांगलेली असते; चहा करणारा तसा टांगलेला नसतो. म्हणून खवळलेल्या समुद्रात स्वयंपाक करायचा तर जाड रबरी विजार घालून करावा असा नियम आहे, आणि भाजलंच तर जागा २० मिनिटं पाण्याखाली धरायची. गोडं पाणी मोजकं असतं, तेव्हा समुद्राचं उपसायचं. हळद, तूप, टूथपेस्ट आणि आजीचं आणखी जे काही असेल ते आजीकडेच ठेवायचं.

हौशांच्या वर्गात एखादा खराखुरा डॉक्टर असला की बाकीच्यांना हायसं वाटतं. तासाभरात ते ओसरतं. डॉक्टरसाहेब ‘आधी एक्स-रे काढू’ इथेच अडकून बसतात. घोटा सुजलाय, एक्स-रे नाही, भूलतज्ज्ञ नाही, सिस्टरना हाक मारायची सोय नाही, आणि शिकवणारा म्हणतो की शिडात घालायच्या पट्ट्या काढा आणि त्याच पायाला बांधा. त्याच वेळी मागच्या बाकावरच्या इलेक्ट्रिशियनने स्वतःच्या पोटरीला पट्ट्या लावून चिकटपट्टी गुंडाळलेलीसुद्धा असते. पदवी जमिनीवर फार उपयोगाची. बोटीवर हाताशी असेल ते वापरायची सवय लागते.

वर्गातली कायमची रुग्ण म्हणजे ॲन, तीही एका अर्थी पाण्यातूनच आलेली. छाती दाबण्याचा सराव करायचा हा पुतळा १९६० मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेरडाल यांनी बनवला. लेरडाल यांचा व्यवसाय खेळण्यांचा. त्यांचा स्वतःचा लहानगा मुलगा बुडता बुडता वाचला होता. पुतळ्याला चेहरा त्यांनी दिला तो पॅरिसच्या एका अनोळखी तरुणीच्या मुखवट्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीन नदीत सापडलेल्या मुलीचा तो ठसा, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून जगभरातले लोक हिला वाचवण्याचा प्रयत्न करताहेत आणि ती काही दाद देत नाही.

ॲनच्या छातीवर ३० दाब, मग तोंडाने २ श्वास; मिनिटाला १०० ते १२० च्या ठेक्यात, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. बुडालेला असेल तर युरोपातली पद्धत आधी ५ श्वास द्यायला सांगते, कारण त्याचं हृदय बहुधा हवेअभावी थांबलेलं असतं. ढोलपथकात वाजवलेल्या माणसाला यातला ठेका शिकवावा लागत नाही, फक्त थांबवावं लागतं. वर्गाच्या फरशीवर हे सगळ्यांना जमतं. मग शिकवणारा ॲनला उचलून धक्क्यावर बांधलेल्या बोटीत नेतो. दुसऱ्या एखाद्या बोटीची लाट येते, डेक तिरकं होतं आणि चौदाव्या दाबाला ॲन उताराकडे निघते. तिच्यामागे गुडघ्यांवर रांगत तिला वाचवणारा. त्याच्यामागे, तो पडू नये म्हणून, त्याच्या पट्ट्याला धरून तिसरा. चौथ्याने सुकाणू धरायचं असतं, पण तो व्हिडिओ काढत असतो.

इथे पहिल्यांदा वर्गाच्या लक्षात येतं, की बोटीवर दोघेच असले तर यातली निम्मी कामं करायला माणूसच नाही. नवराबायकोच्या जोड्यांना तर शिकवणारा हमखास विचारतो, साहेब पाण्यात पडले, आता बोट कोण वळवणार? साहेब म्हणतात, मी. ते पाण्यात आहेत हे त्यांना दोनदा सांगावं लागतं. पडलेल्याला शोधायची रीत साधी आहे. एकाने दुसरं काहीएक न करता त्याच्याकडे नजर लावून सतत बोट दाखवत राहायचं, कारण लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं आणि एकदा नजर हलली की तेही दिसत नाही. वर्गात या कामाला स्वयंसेवक लगेच मिळतात. ओल्या कपड्यातल्या ऐंशी किलोला वर खेचायच्या कामाला तितके मिळत नाहीत. ते शीड चढवायच्या दोरीने आणि विंचने करायचं असतं, जमेल तर त्याला आडवाच ठेवून. फार वेळ गार पाण्यात राहिलेला माणूस उभा उचलला तर रक्तदाब एकदम कोसळतो. आणि वर आल्यावर ब्रँडी द्यायची नाही. हे वाक्य ऐकताना दोनतीन चेहरे पडतात. त्यांनी ‘औषधासाठी’ म्हणून बाटली आधीच घेऊन ठेवलेली असते. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, माणसाला ऊब आल्यासारखी वाटते आणि आतला गारवा वाढतो.

विंचवरून आठवतं, अंगठ्या. दोरी ताणणाऱ्या त्या पोलादी ढोलावर बोट अडकलं तर अंगठी बोटासकट जाते, म्हणून डेकवर जाताना हात मोकळे ठेवायचे असतात. आपल्याकडे हे सांगणं सोपं नाही. एखाद्या गृहस्थाच्या उजव्या हातात पुष्कराज, नीलम आणि गोमेद असे तीन ग्रह एकमेकांशी मोठ्या मुश्किलीने जुळवून बसवलेले असतात. नीलम काढला तर शनी, ठेवला तर विंच. तडजोड म्हणून ते अंगठ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात आणि मग शिकवणारा त्यांना गळ्यात दोरा घालून विंचवर वाकल्यास काय होतं ते सांगतो.

पण बोटीवरचा खरा राजरोग म्हणजे बोट लागणं. घाटातल्या एसटीत खिडकीला डोकं टेकून, हातात लिंबू धरून बसलेल्यांना ही जात ओळखीची आहे. कानातला तोल सांगतो की सगळं हलतंय, डोळे सांगतात की केबिनची भिंत तर जागच्या जागी आहे, आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. ॲडमिरल नेल्सनला आयुष्यभर बोट लागत असे. ‘बीगल’वरच्या डार्विनला इतकी लागली की तो मनुकांवर जगला. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना कुणाचं पोट ढवळलं तर त्याने मन लहान करू नये. गोळी घ्यायची तर धक्का सुटायच्या तासभर आधी. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. पहिल्या ढवळीला वर यावं, क्षितिजाकडे बघावं, जमलं तर सुकाणू धरावं. खाली केबिनमध्ये जाऊन पुस्तक वाचू नये, प्रथमोपचाराचं तर मुळीच नाही.

वर्गात ओकारीला एक अख्खा धडा असतो आणि तो वाऱ्याच्या दिशेपासून सुरू होतो. नवशिक्याला वारा कुठून येतोय हे फळ्यावर बाण काढून कळत नाही. एकदा चुकीच्या बाजूला वाकला की जन्मभर कळतं. योग्य बाजूला वाकतानाही कमरेचा पट्टा बोटीला अडकवलेला हवा, कारण वाऱ्याआडची बाजू पाण्याकडे झुकलेली असते आणि मळमळणाऱ्या माणसाला पाण्यात पडण्याबद्दल फारसा आक्षेप उरलेला नसतो. त्याला दर दहा मिनिटांनी घोटभर पाजायचं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. याच जातीच्या मिश्रणाने १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले होते.

दंशाच्या धड्यात मात्र हौशी मागे पडतात आणि कोळीवाड्यातली पोरं पुढे बसतात. २०१३ च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर भक्तांच्या पायांना पाकटाने काटे मारले होते, तेव्हा गरम पाण्याचं महत्त्व सगळ्या मुंबईला कळलं. पाकटाचं विष उष्णतेने मोडतं. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धापाऊण तास, गरज पडली तर जास्तही, बुडवून ठेवायचा. शिंगाळ्याच्या काट्यालाही हेच. बोटीवर चहाचं आधण असतंच. जेलीफिशला मात्र दर वर्गात कुणीतरी तोच उपाय सुचवतो, जो त्याने इंग्रजी मालिकेत पाहिलेला असतो. उपयोग होत नाही, असं शिकवणारा शांतपणे सांगतो. सुचवणाऱ्याचा चेहरा असा, की एक मैत्री यापूर्वीच खर्ची पडली असावी.

एवढं झालं की वायरलेसचा सराव. जिवावर बेतलं असेल तर ‘मेडे’, मदत लागणार पण बोट बुडत नाहीये तर ‘पॅन-पॅन’, व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनलवर. तटरक्षक दलाचा फोन १५५४. आधी बोटीचं नाव, मग कुठे आहोत, मग काय झालं, किती माणसं. मराठी माणसाच्या हाती माईक आला की क्रम बदलतो. ‘हॅलो, ऐकताय ना? हां, म्हणजे झालं काय, काल रात्री आम्ही कोळंबी खाल्ली होती...’ आणि बोट कुठे आहे हे कळेपर्यंत कोळंबी कितीला मिळाली तेही तटरक्षकाला कळलेलं असतं. याउलट टॉमींनी त्या शुक्रवारनंतर छोट्या यंत्रावरून पाठवलेले संदेश बघावेत. बोट उलटली, डोलकाठी गेली, पाठीला मार, उठता येत नाही; पायाची बोटं हलताहेत; आणीबाणीची पिशवी हाताला लागत नाही. त्यातलं पायाच्या बोटांचं वाक्य सोन्याचं आहे. पाठीचा कणा दुखावलाय पण मज्जारज्जू पुरता तुटलेला नाही, हे हजारो मैलांवरच्या माणसांना त्या तीन शब्दांनी कळलं. वेदनेत पडलेल्या माणसाला ते सुचणं हे शिकण्याचं फळ. पुढे टॉमींच्या पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसल्या आणि त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेला, २०२३ मध्ये, ते दुसरे आले.

बोटीवरच्या डॉक्टरकीचा जुना आधार पुस्तकच. ब्रिटिश कप्तानांसाठीचं वैद्यकाचं पुस्तक १८६८ मध्ये निघालं. औषधांच्या बाटल्यांना तेव्हा नंबर असत, आणि खलाशांत एक किस्सा अजून फिरतो: पुस्तकात ९ नंबरचं औषध सांगितलंय, ९ संपलंय, तर कप्तानाने ४ आणि ५ एकत्र करून पाजलं. १९३५ पासून रोममधलं एक केंद्र कुठल्याही देशाच्या जहाजाला रेडिओवरून फुकट वैद्यकीय सल्ला देत आलं आहे. शर्यतींचेही डॉक्टर असतात. फ्रान्सच्या वांदे ग्लोब या थांबा-मदत काही न घेता करायच्या एकल शर्यतीचे डॉक्टर जाँ-इव्ह शोव्ह वर्षानुवर्षं किनाऱ्यावर बसून हे करत आले. १९९२-९३ च्या शर्यतीत बेर्त्रां द ब्रोक याची जीभ दातांखाली सापडून फाटली. शोव्ह यांनी सूचना पाठवल्या आणि द ब्रोकने आरशासमोर बसून स्वतःची जीभ स्वतः शिवली. त्या अवस्थेत त्याला शंका विचारण्याची सोय नव्हती, हे डॉक्टरच्या दृष्टीने बरंच म्हणायचं. वर्गात टाके घालायचा सराव केळ्याच्या सालीवर चालतो. केळं हलत नाही, ओरडत नाही, आणि नंतर खाता येतं.

सगळ्यात भारी शिकवणी व्हिक्टर याझिकोव्हची. हा रशियन माणूस १९९८ च्या नोव्हेंबरात दक्षिण अटलांटिकमध्ये एकटा होता आणि त्याच्या कोपरात पू झाला होता. अमेरिकेत बॉस्टनला बसलेल्या डॉ. डॅनियल कार्लिन यांनी ईमेलने पायरीपायरीने सांगितलं, कुठे कापायचं, किती, मग काय. याझिकोव्हने कापलं, पू निघाला, पण रक्त थांबेना. आधी तो दुखतंय म्हणून ॲस्पिरिन घेत होता आणि ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं, हे कागदावर आलेलंच नव्हतं. त्याने सामान बांधायची लवचीक दोरी दंडाला आवळली. रक्त थांबलं, पण हात गार आणि पांढरा पडू लागला. विचारावं तर संगणक सौरऊर्जेवर, आणि सूर्य मावळलेला. पुढची आज्ञा यायला उजाडावं लागलं: दोरी सोड, जखमेवर थेट दाब दे. हात वाचला, केपटाउन गाठलं. म्हणून वर्गात आता पहिला प्रश्न असतो, ‘आधी कोणती गोळी घेतलीय?’ आणि रक्त वाहत असेल तर दोरी नव्हे, आधी तळवा. दाबायचं आणि बघायला म्हणून दर मिनिटाला हात उचलायचा नाही. ही शेवटची सूचना पाळणं सगळ्यात अवघड जातं. पोळी भाजली का बघायला उलटणारे हात ते.

सगळ्यात साधं उदाहरण आपल्या मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’चं. तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ मध्ये न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले ठरले. वाटेत बॅटरीतलं ॲसिड डोळ्यात उडालं. त्यांनी डोळा भरपूर पाण्याने धुतला, थेंब घातले आणि पुढे निघाले. आजचं पुस्तकही पहिलं हेच सांगतं.

आता उरली पिशवी. २००८ च्या वांदे ग्लोबमध्ये यान एलिएस याचं मांडीचं हाड ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला मोडलं. औषधं बोटीवर होती, चांगली होती, पण मोडक्या पायाने त्यांच्यापर्यंत पोचता येईना. प्रतिस्पर्धी मार्क गियमोने शर्यत बाजूला ठेवून त्याच्याजवळ बोट आणली आणि पाण्याची, औषधांची पुडकी त्याच्याकडे फेकायचा प्रयत्न केला. दोन दिवसांनी ऑस्ट्रेलियन नौदलाची ‘अरुंटा’ पोचली. दहा वर्षांनी टॉमींचीही पिशवी हाताला लागली नाही. त्यामुळे परीक्षेत आता औषधांची नावं कमी आणि जागा जास्त विचारतात: वेदनाशामक कुठे ठेवाल? ‘कपाटात’ म्हटलं की गुण जातात. आडवं पडून, एका हाताने, अंधारात जिथे पोचता येईल तिथे. मुलांना सापडू नये म्हणून औषधं माळ्यावर ठेवण्यात हयात गेलेल्या गृहिणींना हे पटायला वेळ लागतो.

वर्ग संपला की यादी घेऊन मंडळी औषधांच्या दुकानात जातात. ओआरएसची पाकिटं, बोट लागण्याच्या गोळ्या, दाढेसाठी लवंगेचं तेल, बँडेजं, कात्री, आणि ओळखीच्या डॉक्टरांनी बोटीसाठी म्हणून लिहून दिलेली चार जहाल औषधं. काही औषधं देताना दुकानदाराला वहीत पेशंटचं नाव लिहावं लागतं. तो पेन काढतो.

‘पेशंटचं नाव?’

‘ते अजून ठरलेलं नाही.’

‘बरं. त्रास काय होतोय?’

‘तोही नाही ठरला.’

‘मग घेताय कशाला?’

‘शिडाच्या बोटीने लक्षद्वीपला चाललोय.’

दुकानदार पेन खाली ठेवतो, यादीकडे बघतो, गिऱ्हाइकाकडे बघतो आणि उधारीची वही ड्रॉवरमध्ये सरकवून देतो. ‘आजचं बिल तेवढं रोखच करा, साहेब.’